४२ हजार मेल पाठवायचेत आणि सर्व्हर आडवा पडतोय, काय करावं?

पत्रवाला

मंडळी, मदत पाहिजे आणि जरा तातडीची आहे. आमच्या माजी विद्यार्थी मंडळाचं दर महिन्याला पत्रक निघतं, ते मेलने जातं. ३-४ हजार लोक होते तोवर काही त्रास नव्हता, आता यादी ४२ हजारांवर गेलीये. पाठवायची पद्धत म्हणजे कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलेली पीएचपी स्क्रिप्ट, ती डेटाबेसमधून पत्ते उचलते आणि लूपमध्ये एकेकाला मेल करते, ब्राउझरमध्ये बटण दाबलं की सुरू. सर्व्हर एकच, छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर), ४ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क, त्याच्यावरच वेबसाइट, त्याच्यावरच डेटाबेस आणि त्याच्यावरच मेल पाठवणारा पोस्टफिक्स.

मागच्या महिन्यात बटण दाबलं तर मिनिटभराने ५०४ (वेळ संपल्याची एरर) आला. तासाभराने साइट गेली, लॉगिनसुद्धा होईना. दुसऱ्या दिवशी शिव्या सुरू, कुणाला तेच पत्रक तीनदा तर कुणाला एकदाही नाही. मेल लॉगमध्ये नुसतं ४२१ ४२१ ४२१. आता कमिटी म्हणतेय सर्व्हर मोठा घ्या, १६ जीबीचा. त्याने फरक पडेल का? मी डेव्हलपर नाहीये, हे काम गळ्यात पडलंय. पुढचं पत्रक १२ दिवसांवर आलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

आगाऊ

५००-५०० चे गट करा आणि बीसीसीत टाका. ४२ हजार म्हणजे फक्त ८४ मेल. हाकानाका.

जुनाट_सिसॅडमिन

@आगाऊ, ८४ मेल तुमच्या स्क्रिप्टला दिसतात हो, समोरच्याला थोडेच दिसतात. एसएमटीपीच्या, म्हणजे मेलच्या देवघेवीच्या, नियमाप्रमाणे सर्व्हरने एका व्यवहारात किमान १०० पत्ते घेतले पाहिजेत, त्याच्या वर घ्यायचे की नाही ही त्याची मर्जी. आणि पोस्टफिक्स तरी कुठे ५०० एकदम पाठवतो, मुळात तो ५०-५० चेच तुकडे पाडतो. म्हणजे काम तेवढंच राहिलं, वर प्रत्येकाची वेगळी 'यादीतून काढा' लिंक देता येत नाही ती गोष्ट वेगळीच. आणि एखाद्या दिवशी बीसीसीऐवजी सीसीत पेस्ट झालं की ५०० जणांचे पत्ते ५०० जणांकडे!

@पत्रवाला, सर्व्हर मोठा घ्यायच्या आधी दोन प्रश्नांची खरी उत्तरं द्या. ५०४ आल्यावर तुम्ही काय केलंत? आणि पत्रकाला काही जोडलं होतं का?

निवांत

सीसीवरून आठवलं, अवांतर आहे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये 'बेडलम डीएल३' नावाची एक अंतर्गत यादी होती, तिच्यात अंदाजे १३ हजार लोक होते. कुणीतरी विचारलं मी या यादीत का आहे, मला काढा, आणि मग 'मलाही काढा', 'मलाही', आणि मग 'अरे रिप्लाय ऑल करू नका' असं रिप्लाय ऑल करून सांगणारे. दीड कोटी मेल फिरले, १९५ जीबी. ज्यांनी एक्सचेंज हा मेल सर्व्हर बनवला त्यांचाच सर्व्हर झोपला, तिथे तुमचा आमचा व्हीपीएस काय.

पत्रवाला

खरं सांगतो. ५०४ आला म्हणून रिफ्रेश केलं. थोड्या वेळाने परत केलं.
जोडलं होतं, पीडीएफ, १.५ एमबी.

टर्मिनलवाली

एकदा बटण आणि दोनदा रिफ्रेश, एकूण तीन. आणि लोकांना पत्रक तीनदा. खिक्क.

हसतेय म्हणून राग मानू नका दादा, मीही हे केलंय. ५०४ म्हणजे स्क्रिप्ट मेली असं नाही. इंजिनएक्स हा वेबसर्व्हर पीएचपीच्या उत्तराची मुळात ६० सेकंद वाट बघतो, तेवढ्यात काही आलं नाही की तो कंटाळून तुम्हाला ५०४ दाखवतो. मागे पीएचपी निवांत चालूच असतं. त्याची ३० सेकंदांची मर्यादा असते म्हणतात, पण लिनक्सवर त्या मोजणीत बाहेरच्या कामाची वाट बघण्यातला वेळ धरत नाहीत, आणि मेल पाठवताना बहुतेक वेळ वाट बघण्यातच जातो. तर तुमचे तीन लूप एकाच वेळी तीच यादी पहिल्या नंबरापासून दळत होते, आणि कोण कुठवर पोचलं याची नोंद कुठेच नाही. यादीच्या सुरुवातीच्यांना तीनदा मिळालं, शेवटच्यांपर्यंत कुणीच पोचलं नाही. जरा बघा, ज्यांना काहीच आलं नाही ते यादीतले अलीकडे आलेले सभासद आहेत का?

पत्रवाला

हो!! सगळे नवीन सभासद. आम्हाला वाटलं नवीन पत्ते चुकीचे टाईप झालेत, फॉर्म भरणाऱ्या मुलाला बोलणी पण बसली.

जुनाट_सिसॅडमिन

आता पीडीएफचा हिशोब बघा. १.५ एमबी गुणिले ४२ हजार म्हणजे ६३ जीबी. मेलमधून फाईल जशीच्या तशी जात नाही, बेस६४ करून जाते, त्यात ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे ८४ जीबी. हे एका लूपचं. प्रत्येक मेल वेगळा असल्यामुळे पोस्टफिक्सच्या रांगेत प्रत्येकाची वेगळी फाईल पडते, २-२ एमबीची. समोरचा ४२१ म्हणतोय, म्हणजे आत्ता नको, नंतर ये, त्यामुळे रांग हलत नाही आणि मागून तीन लूप भरतायत. २० हजार मेल तुंबले की ४० जीबी, आणि तुमची डिस्कच ४० जीबीची.

साइट रॅममुळे गेली नाही. डिस्क भरली, डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही, सेशन लिहायला जागा नाही म्हणून लॉगिन नाही. १६ जीबी रॅम घेतली असतीत तरी डिस्क तशीच भरली असती. पत्रक दोन पानांचं आणि त्याला ही पुरचुंडी, नाकापेक्षा मोती जड. पीडीएफ साइटवर ठेवा, मेलमध्ये लिंक द्या, अर्धा आजार तिथेच बरा.

गुपचूप

एवढा खटाटोप कशाला? बाहेरची मेल सेवा घ्या आणि मोकळे व्हा. २०२६ मध्ये स्वतःचा मेल सर्व्हर कोण चालवतं.

टर्मिनलवाली

@गुपचूप, सेवा घ्यायला हरकत काहीच नाही, पण ते तीन लूप तिथेही तीनदाच पाठवतील. आणि तिथेही वेगाला लगाम असतोच. अमेझॉन एसईएस नव्या खात्याला आधी सँडबॉक्समध्ये ठेवतं, २४ तासांत २०० मेल आणि सेकंदाला १, तेही फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांना. पुढे मर्यादा वाढली तरी बाउन्स (न पोचता परत आलेले मेल) ५ टक्क्यांवर गेले की ते तुमचं खातं तपासणीखाली घेतात, १० टक्क्यांवर गेले की पाठवणं थांबवू शकतात. दहा वर्षं न झाडलेली यादी घेऊन तिथे गेलात तर पहिल्याच दिवशी दारातून परत. यादी आणि रांग आधी सुधारा, मग कुणाच्याही खांद्यावर द्या.

आणि हो, ऑफिसच्या जीमेलवरून पाठवू म्हणणारे येतीलच आता. साध्या जीमेलला दिवसाला ५०० लोक, पैसे भरून घेतलेल्या वर्कस्पेसला २,०००. ४२ हजारांना तीन आठवडे लागतील :)

पत्रवाला

बरं, मग करू काय नक्की? लहान मुलाला सांगतात तसं सांगा.

टर्मिनलवाली

सांगते. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

बटणाने मेल पाठवायचाच नाही, बटणाने फक्त यादी तयार करायची. डेटाबेसमध्ये एक नवीन टेबल करा: अंक क्रमांक, पत्ता, स्थिती. बटण दाबलं की त्यात ४२ हजार ओळी पडतात, सगळ्यांची स्थिती 'बाकी'. याला काही सेकंद लागतात, ५०४ यायचा प्रश्न नाही. आणि अंक + पत्ता या जोडीवर युनिक की लावा, म्हणजे कुणी दहा वेळा रिफ्रेश केलं तरी दुसऱ्यांदा ओळ पडणारच नाही, डेटाबेसच नकार देईल. तुमच्यासाठी खास आहे ही की, हलके घ्या.

मग क्रॉन, म्हणजे सर्व्हरचं गजराचं घड्याळ. दर मिनिटाला एक छोटी स्क्रिप्ट उठते, ६० 'बाकी' ओळी उचलते, पाठवते आणि झोपते. ४२ हजार भागिले ६० म्हणजे ७०० मिनिटं, जवळपास पावणेबारा तास. सकाळी सुरू केलं तर रात्री संपलं, आणि सर्व्हरला कळलंसुद्धा नाही. क्रॉनमध्ये एक खोच आहे: पहिली फेरी मिनिटात संपली नाही तर दुसरी तिच्या डोक्यावर सुरू होते आणि आपण परत तीन लूपवर. म्हणून फ्लॉकचं कुलूप लावा, आधीची चालू असेल तर नवीनने गुपचूप परत जायचं (@गुपचूप, तुम्हाला नाही म्हटलं).

आता यातली खरी अवघड जागा. ओळ उचलली की आधी 'घेतली' अशी खूण करायची, मग पाठवायचं, मग 'गेली'. समजा पाठवल्यावर आणि 'गेली' लिहायच्या आत वीज गेली किंवा स्क्रिप्ट मेली तर ती ओळ 'घेतली' वर अडकते. मेल गेला की नाही? कुणालाच माहीत नाही, आणि एसएमटीपीत 'मगाशी मी हा मेल दिला होता का हो' असं विचारायची सोय नाही. तेव्हा आधीच ठरवून ठेवा, दोनदा गेलेला चालेल की न गेलेला चालेल. पत्रक असेल तर अडकलेल्या ओळी आपोआप परत पाठवू नका, सकाळी माणसाने बघाव्यात, चारपाचच असतात. पासवर्ड रीसेटसारखं काही असेल तर उलटं, दोनदा गेला तरी बेहत्तर.

अजून एक. ओळी उचलताना क्रम विस्कटून उचला. जुन्या याद्यांमध्ये एका बॅचचे, एका कंपनीचे लोक सलग असतात, मग एकाच डोमेनवर ३०० मेल एकदम जाऊन आदळतात.

जुनाट_सिसॅडमिन

+१. आता पोस्टफिक्सची बाजू, कारण 'गेली' याचा अर्थ तुमच्याच पोस्टफिक्सच्या हातात गेली, लोकांपर्यंत नाही.

पोस्टफिक्स मुळात एका डोमेनला ५ जोडण्यांनी सुरुवात करतो आणि समोरचा चांगला वागतोय असं दिसलं की २० पर्यंत वाढवतो. साध्या वापराला हे उत्तम, पण नाव खराब झालेल्या आयपीवरून मोठ्या मेल सेवेच्या दारात एकदम २० जण उभे राहिले तर ४२१ मिळणारच. तुमच्या यादीत ७० टक्के पत्ते दोनतीन मोठ्या सेवांचेच असणार, बघा मोजून. त्यांच्यासाठी पोस्टफिक्सच्या मास्टर फाईलमध्ये एक वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवण्याची वेगळी वाट) करा, मी त्याला 'सावकाश' म्हणतो, आणि त्याला डेस्टिनेशन रेट डीले १ सेकंद द्या. मग एका डोमेनला सेकंदाला एकच, तासाला फार तर ३,६००. बाकी जग नेहमीच्या वेगाने. सगळ्यांनाच डीले लावू नका, नाहीतर पासवर्ड रीसेटवाला बिचारा पत्रकाच्या मागे रांगेत ताटकळेल. खरं तर पत्रकाचा पोस्टफिक्स वेगळ्या मशीनवर असावा, पण ते पुढचं पुढे.

४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'नंतर ये', ५ ने सुरू होणारं म्हणजे 'येऊ नको'. बहुतेकांची चूक ही की दोन्हींना सारखंच वागवतात. ४ वाला मेल तुमच्या स्क्रिप्टने परत पाठवायचा नाही, पोस्टफिक्स तो स्वतः ठेवतो, आधी ५ मिनिटांनी, मग वाढत वाढत तासाभराच्या अंतराने प्रयत्न करतो, ५ दिवसांपर्यंत. त्याला त्याचं काम करू द्या. ५५० ५.१.१ म्हणजे असा माणूसच इथे नाही, तो पत्ता त्याच दिवशी यादीतून बंद. मेलेल्या पत्त्यांवर दर महिन्याला पाठवत राहणं ही स्पॅमरचीच खूण धरतात.

पण तुम्हाला बाउन्स मिळतात का हो? कुठे येतात?

पत्रवाला

कधी आलेलं आठवत नाही. म्हणजे सगळे पत्ते बरोबर आहेत असंच समजत होतो.

जुनाट_सिसॅडमिन

सर्व्हरवर व्हार, मेल, त्यात www-डेटाच्या नावाची फाईल आहे का बघा. (ते तीन डब्ल्यू देवनागरीत कसे लिहायचे, तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, घ्या.)

पत्रवाला

आहे. ११ हजारच्या वर मेल आहेत त्यात. सगळे 'पोचला नाही' वाले. सहा वर्षांपूर्वीचे पण आहेत.

टर्मिनलवाली

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय ते हेच. पीएचपीच्या मेल फंक्शनला पाकिटावरचा पाठवणारा सांगितला नाही की तो वेबसर्व्हरच्या खात्याचं नाव टाकतो, आणि परत आलेली पत्रं त्या खात्याच्या पेटीत पडतात, जी कुणी उघडत नाही. पाचव्या पॅरामीटरमध्ये -f देऊन पाठवणारा सांगता येतो. तो द्याच, आणि प्रत्येकाला वेगळा द्या, म्हणजे बाउन्स-अधिक-सभासद क्रमांक असा पत्ता. मग कुठल्याही भाषेत, कुठल्याही ढंगात बाउन्स आला तरी कोणाचा ते पत्त्यावरूनच कळतं, आतला मजकूर वाचायला नको. याला व्हर्प म्हणतात, क्यूमेल लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइनची कल्पना.

निवांत

माझी भर एवढीच की वेग सुधारलात तरी ओळखपत्र नसेल तर दारातच अडवतील. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. एका डोमेनवरून दिवसात जवळपास ५ हजार मेल जीमेलच्या साध्या खात्यांना गेले की तुम्ही बल्क सेंडर, आणि एकदा झालात की झालात, तो शिक्का पुसत नाही. मग एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या सोयी) तिन्ही पाहिजेत, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय मेलच्या हेडरमध्ये पाहिजे आणि ती विनंती २ दिवसांत पाळली पाहिजे. लोक 'स्पॅम' दाबतात त्याचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचता कामा नये, शक्यतो ०.१ च्या खाली. हजारात तीन जण वैतागले की संपलं, आणि तुम्ही मागच्या महिन्यात कितीतरी जणांना तीनदा पाठवलंत...

एसपीएफमध्ये डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) १० शोधांची मर्यादा असते, ती बघा. दर नव्या सेवेला एक इन्क्लूड जोडत गेलं की नकळत ओलांडली जाते आणि मग पूर्ण एसपीएफच नापास.

आगाऊ

म्हणजे सगळं मिळून 'हळू पाठवा' एवढंच ना? त्यासाठी एवढं रामायण.

जुनाट_सिसॅडमिन

हळू पाठवा, आणि कोण नको म्हणतंय ते ऐका. दुसऱ्याच गोष्टीसाठी रामायण आहे.

@पत्रवाला, पहिल्या वेळी ४२ हजार एका दिवसात नकोच. तुमचं नाव सध्या खराब आहे. गेल्या काही महिन्यांत ज्यांनी साइटवर लॉगिन केलंय अशा २ हजारांपासून सुरू करा, दुसऱ्या दिवशी ४, मग ८, मग १२, मग १६. पाच दिवस. रोज सकाळी लॉग बघा, ४२१ वाढले तर त्या दिवशी आकडा वाढवू नका.

पत्रवाला

धागा वर काढतोय. पत्रक गेलं!

एका सभासदाच्या मुलीने टेबल आणि क्रॉन करून दिलं, पीडीएफ साइटवर ठेवली. मेलेले पत्ते काढल्यावर यादी ४२ ची ३६ हजारांवर आली, कमिटीत याचंच जास्त दुःख झालं. साइट एकदाही बंद पडली नाही. पण दोन भानगडी झाल्या.

चौथ्या दिवशी रांगेत १,९०० मेल डिफर्ड (नंतरसाठी थांबलेले) दिसत होते. मी घाबरून इंटरनेटवर वाचून पोस्टक्यू फ्लश केलं, म्हणजे सगळे लगेच परत पाठवायला लावले. दहा मिनिटांनी परत तेवढेच डिफर्ड आणि ४२१ दुप्पट.

दुसरी, १४० लोक यादीतून बाहेर पडले, त्यातले बरेचसे एकाच कंपनीत काम करणारे आहेत. फोन केला तर म्हणतात आम्ही काही दाबलंच नाही.

जुनाट_सिसॅडमिन

फ्लश म्हणजे 'नंतर ये' म्हणणाऱ्याची बेल १,९०० वेळा वाजवणं. हात मागे बांधून ठेवायचे. क्यूशेप नावाची आज्ञा आहे, ती कुठल्या डोमेनचे किती मेल किती वेळ अडकलेत ते तक्त्यात दाखवते. एकाच डोमेनचे असतील तर त्याला आपला वेग झेपत नाहीये, सगळ्यांचे असतील तर घोळ आपल्याकडे, बहुधा डीएनएस.

टर्मिनलवाली

दुसरी भानगड माझी आवडती. त्या लोकांनी खरंच काही दाबलं नाही. कंपन्यांमध्ये मेल आत सोडायच्या आधी सुरक्षा यंत्रणा त्यातली प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघते. तुमची 'यादीतून काढा' लिंक नुसती उघडली की माणूस बाहेर, असं असणार. तर मजकुरातली लिंक उघडली की एक पान यावं आणि त्यावर 'हो, काढा' बटण असावं. हेडरमधली एका क्लिकची सोय वेगळी, ती पोस्ट विनंतीने (फॉर्म भरून पाठवल्यासारखी) चालते, यंत्रणा नुसत्या लिंका उघडतात, पोस्ट सहसा करत नाहीत. आरएफसी ८०५८ हे मेलचं मानक याचसाठी आलं.

आणि तीच यंत्रणा पीडीएफच्या लिंकेवरही जाते बरं का. त्यामुळे 'इतक्या लोकांनी पत्रक वाचलं' असा आकडा कमिटीला सांगणार असाल तर जपून.

पत्रवाला

सांगून झालाय.

१४० जणांना परत घेतोय, विचारून. आणि त्या फॉर्म भरणाऱ्या मुलाची माफी मागितली. अध्यक्षांचा फोन आला होता काल, म्हणाले सगळ्यांना सोमवारी आलं, मला शुक्रवारी का. ते शेवटच्या १० हजारांत होते, कधी लॉगिनच केलं नाही म्हणून.

आगाऊ

त्यांना बीसीसीत टाका.